साठ पौंड पानं आणि चुकलेला रिसेप्टर

टोमॅटोच्या रोपाचं खालचं एक पान अळीनं कुरतडलं, की काही तासांतच वरच्या पानांमध्ये, म्हणजे ज्यांना अळीचं तोंडही लागलेलं नाही अशा पानांमध्ये, एक प्रथिन साठायला लागतं. हे प्रथिन अळीच्या पोटात गेलं की तिच्या आतड्यातल्या ट्रिप्सिनसारख्या एन्झाइमांना घट्ट चिकटून बसतं आणि त्यांचं काम बंद पाडतं. अळी खात राहते, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. याला प्रोटिनेज इन्हिबिटर म्हणतात. रोपाच्या दृष्टीनं हा चांगलाच बंदोबस्त आहे. प्रश्न एवढाच, की खालच्या पानानं वरच्या पानाला निरोप धाडला कसा? झाडाला ना नसा, ना रक्त.

'तू मास स्पेक वापरून नक्की काय करतेस?' असं मला घरी आणि बाहेर बरेचदा विचारलं जातं. 'पानातली प्रथिनं ओळखते' हे उत्तर खरं आहे, पण ते ऐकून समोरच्याचा चेहरा कोराच राहतो. म्हणून आज त्या निरोपाची गोष्ट सांगते. यात प्रथिनं वेगळी करण्याची जुनी, अंगमेहनतीची पद्धत आहे, नवं मशीन आहे, आणि मशीननं बरोबर उत्तर देऊनही सोळा वर्षं चुकीचा राहिलेला एक निष्कर्ष आहे. माझ्या रोजच्या कामाला हा शेवटचा भाग सगळ्यात जवळचा आहे.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पुलमन नावाच्या छोट्या गावी वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिथे क्लॅरन्स रायन, ज्यांना सगळे 'बड' म्हणत, बटाट्यातल्या या इन्हिबिटर प्रथिनांवर काम करत होते. बटाट्याच्या गाठीत ही प्रथिनं भरपूर असतात, हे आधीच ठाऊक होतं. पानांत मात्र ती कधी सापडायची, कधी नाही. १९७२ मध्ये ग्रीन आणि रायन यांचा 'सायन्स'मध्ये छोटासा पेपर आला. कोलोरॅडो बटाटा भुंगेऱ्यानं बटाट्याची किंवा टोमॅटोची पानं खाल्ली, किंवा नुसती जखम केली, तरी जमिनीवरच्या सगळ्या भागात इन्हिबिटर भराभर वाढतो, असं त्यांनी दाखवलं. कधी सापडतो, कधी नाही, याचं कोडं तिथे सुटलं. आणि जखमेतून काहीतरी निघून झाडभर फिरतं, हेही स्पष्ट झालं. त्या 'काहीतरी'ला त्यांनी लांबलचक नाव दिलं, प्रोटिनेज इन्हिबिटर इंड्यूसिंग फॅक्टर. थोडक्यात पीआयआयएफ.

नाव मिळालं, पण तो पदार्थ हाती यायला एकोणीस वर्षं लागली.

मधल्या काळात एक चकवा लागला. पानांच्या अर्कातून जो घटक इन्हिबिटर वाढवत होता, तो पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनचे तुकडे निघाला, म्हणजे साखरेच्या साखळ्या. त्या खरंच काम करतात, आजही त्यांच्यावर संशोधन चालतं. पण झाडात त्या लांब जात नाहीत, जखमेच्या आसपासच राहतात. म्हणजे आरडाओरडा कोण करतं ते कळलं, पण दूरवर निरोप नेणारा अजून मोकळाच होता.

तो पकडण्याची चाचणी मला फार आवडते, कारण तिच्यात मशीन जवळजवळ नाहीच. टोमॅटोची दोन-अडीच आठवड्यांची रोपं घ्यायची, बुंध्याशी ब्लेडनं कापायची आणि देठ अर्काच्या थेंबात उभं करायचं. रोप ते शोषून घेतं. मग त्याला पाण्यात ठेवून प्रकाशाखाली एक दिवस सोडायचं. दुसऱ्या दिवशी पानांचा रस काढून अगारच्या तबकडीतल्या बारीक भोकात घालायचा. अगारमध्ये इन्हिबिटरविरुद्धची प्रतिपिंडं मिसळलेली असतात. रसात इन्हिबिटर असेल तर भोकाभोवती पांढरट कडं उमटतं, आणि जेवढं कडं मोठं तेवढा इन्हिबिटर जास्त. बस. आता पानांचा अर्क कॉलममधून गाळून शंभर भागांत विभागला, तर त्या प्रत्येक भागासाठी रोपं कापायची आणि कडी मोजायची. ज्या भागात कडं मोठं, तो उचलायचा आणि पुढच्या कॉलममध्ये घालायचा. पुन्हा रोपं, पुन्हा कडी.

ग्रेगरी पीअर्स, रायन आणि सहकाऱ्यांनी हे जवळपास साठ पौंड, म्हणजे सत्तावीस किलो टोमॅटोच्या पानांवर केलं. रोपं म्हणाल तर सुमारे तीस हजार. शेवटी शुद्ध पदार्थ हाती आला तो साधारण एक मायक्रोग्रॅम. मिठाचा एक दाणासुद्धा त्याच्या कित्येक पट जड असतो. पण त्याची ताकद बघा. एका रोपाला अर्धा प्रतिसाद द्यायला सुमारे ४० फेम्टोमोल पुरत होते. हिशेब केला तर त्या एका मायक्रोग्रॅममध्ये बारा हजारांवर रोपांना जागं करण्याइतकं सामर्थ्य होतं.

आणि तो पदार्थ निघाला पेप्टाइड. अठरा अमिनो आम्लांची एक छोटी माळ. नाव ठेवलं सिस्टेमिन. १९९१ मध्ये 'सायन्स'मध्ये हे छापून आलं.

आज हे वाचताना 'पेप्टाइड, बरं मग?' असं वाटतं. तेव्हा तसं नव्हतं. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात झाडांचे हार्मोन पाच होते: ऑक्सिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, अ‍ॅब्सिसिक आम्ल आणि इथिलीन. पाचही छोटे रेणू, प्रथिनांशी काही संबंध नसलेले. इन्सुलिनसारखे पेप्टाइड हार्मोन म्हणजे प्राण्यांची मिरास, असंच सगळे धरून चालले होते. सिस्टेमिननं ती भिंत पाडली. पुढच्याच वर्षी त्याचं जनुकही सापडलं. त्यातून २०० अमिनो आम्लांचं मोठं प्रथिन, प्रोसिस्टेमिन, तयार होतं आणि सिस्टेमिन त्याच्या शेपटाजवळ असतं. हे जनुक दाबून टाकलेल्या टोमॅटोवर तंबाखूच्या शिंगअळ्या (मँड्युका) जास्त खाऊन जास्त पोसल्या. अळी आणि पान यांच्यातली कडी जोडली गेली.

आता त्या माळेतले मणी कुठल्या क्रमानं आहेत, हे वाचलं कसं? तेव्हाची खात्रीची पद्धत म्हणजे एडमन डिग्रेडेशन, स्वीडनच्या पेर एडमन यांनी १९५० मध्ये दिलेली. माळेच्या एका टोकाचा एकच मणी सोडवायचा, तो कोणता ते ओळखायचं, मग पुढचा. अठरा मणी म्हणजे अठरा फेऱ्या. पद्धत सरळ आणि प्रामाणिक आहे, पण तिच्या दोन अटी आहेत. नमुना जवळजवळ शुद्ध हवा, आणि माळेचं पहिलं टोक मोकळं हवं. झाडांतल्या, किंबहुना सगळ्याच जीवांतल्या पुष्कळ प्रथिनांचं ते टोक अ‍ॅसिटिल गटानं झाकलेलं असतं. मग एडमन तिथेच थांबतो. शुद्ध नमुन्यासाठी साठ पौंड पानं लागतात, हे तर आपण पाहिलंच.

मास स्पेक्ट्रोमेट्रीनं बदललं ते हे. मशीन मुळात काय करतं, तर विद्युतभारित रेणूंचं वजन मोजतं. नेमकं बोलायचं तर वस्तुमान आणि भार यांचं गुणोत्तर. जे. जे. थॉमसन आणि अ‍ॅस्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच तंत्र अणूंवर वापरलं होतं. पण त्यासाठी रेणू वायुरूपात उडवावा लागतो, आणि प्रथिनाला तापवलं तर ते उडत नाही, करपतं. तव्यावरच्या अंड्याची आठवण करा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात याला दोन तोडगे निघाले. अमेरिकेत जॉन फेन यांनी प्रथिनाचं द्रावण सुईसारख्या नळीतून मोठ्या विद्युतदाबाखाली फवारलं. थेंब वाळत, फुटत जातात आणि भारित प्रथिन हवेत मोकळं होतं. हे इलेक्ट्रोस्प्रे. दुसरा मार्ग लेझरचा. प्रथिन दुसऱ्या कुठल्यातरी पदार्थात मिसळून वाळवायचं आणि त्या पदार्थावर लेझर मारायचा. तो पदार्थ ऊर्जा शोषतो आणि उडताना प्रथिनाला सोबत घेऊन जातो. क्योटोच्या शिमाद्झु कंपनीतले इंजिनिअर कोइची तानाका यांनी चुकून कोबाल्टच्या भुकटीत ग्लिसरीन मिसळलं, ते फेकून न देता वापरून पाहिलं आणि मोठे रेणू उडाले. जर्मनीत कारास आणि हिलेनकाम्प यांनी हाच मार्ग वेगळ्या पदार्थांनी जास्त उपयोगी केला, आणि आज आम्ही ज्याला मॅल्डी म्हणतो ते त्यांचं रूप आहे. २००२ चं नोबेल फेन आणि तानाका यांना मिळालं (तिसरे वुथ्रिश, वेगळ्या कामासाठी). कारास आणि हिलेनकाम्प यांना का नाही, यावर मास स्पेकवाल्यांमध्ये चहाच्या टेबलावर अजूनही वाद होतो. माझं मत विचाराल तर त्यांच्यावर अन्यायच झाला.

वजन मोजून ओळख कशी पटते? ट्रिप्सिन हे एन्झाइम, तेच अळीच्या आतड्यातलं, प्रथिन ठरावीक जागी कापतं: लायसिन किंवा आर्जिनिन आलं की त्याच्या पुढे. म्हणून कुठल्या प्रथिनाचे कुठले तुकडे पडणार, हे आधीच सांगता येतं. मशीन त्या तुकड्यांची वजनं देतं, मग एकेक तुकडा फोडून त्याच्या तुकड्यांची वजनं देतं. दोन लगतच्या तुकड्यांच्या वजनातला फरक म्हणजे एक मणी. फरक ९७ आला तर प्रोलिन, ८७ आला तर सेरिन. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वजन तंतोतंत सारखं, त्यामुळे तिथे हात टेकावे लागतात. लायसिन आणि ग्लुटामिन यांच्यात फरक आहे, पण फक्त ०.०३६ डाल्टनचा. सिस्टेमिनच्या अठरा मण्यांत तीन लायसिन आणि दोन ग्लुटामिन आहेत. म्हणजे जुन्या ढोबळ मशीनवर एवढ्याशा माळेतही पाच जागी अडखळायला झालं असतं.

पण एवढं कोडं सोडवत बसायची गरज सहसा पडत नाही, कारण उत्तरपत्रिका असते. जीनोम माहीत असेल तर त्यातून निघू शकणाऱ्या सगळ्या प्रथिनांचे सगळे तुकडे संगणकात तयार ठेवायचे आणि मशीनची वजनं त्यांच्याशी जुळवायची. एंग, मॅकॉर्मॅक आणि येट्स यांनी १९९४ मध्ये अशा जुळवणीचा प्रोग्रॅम दिला. वनस्पतींना ही सोय खऱ्या अर्थानं मिळाली ती डिसेंबर २००० मध्ये, अरबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या तणाचा जीनोम पूर्ण झाल्यावर. टोमॅटोला २०१२ पर्यंत वाट पाहावी लागली.

शिवाय झाडांचे आपले नखरे आहेत, जे यीस्ट किंवा माणसाच्या पेशींवर काम करणाऱ्यांना सांगून पटत नाहीत. पान वाटलं की पेशींच्या पोकळीतली फिनॉल बाहेर येतात, प्रथिनांना चिकटतात आणि अर्क तपकिरी होतो. कापलेलं वांगं काळं पडतं ना, तसंच. त्यात पेशीभित्तिका, मेण, साखर, स्टार्च. सगळ्यात मोठा नखरा रुबिस्कोचा. कार्बन डायॉक्साइड पकडणारं हे एन्झाइम पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मं असू शकतं. १९४७ मध्ये वाइल्डमन आणि बॉनर यांनी पानाच्या रसातला हा प्रचंड भाग वेगळा केला, तेव्हा तो काय करतो हे माहीत नसल्यानं त्याचं नाव नुसतं 'फ्रॅक्शन १' ठेवलं होतं. आज आम्ही नमुना मशीनवर घालतो तेव्हा यादीच्या डोक्यावर रुबिस्को बसलेला असतो आणि रिसेप्टरसारखी मोजकी प्रथिनं त्याच्या गोंगाटात बुडून जातात. यादीत हमखास सापडणारा आणखी एक पाहुणा म्हणजे माणसाचं केराटिन. आमचीच त्वचा, आमचेच केस. माझ्या पहिल्या यादीत पहिल्या दहांत चार केराटिन होती. तेव्हापासून मी दोन हातमोजे घालते.

सिस्टेमिनकडे परत. मास स्पेक हाताशी आल्यावर रायन यांच्या लॅबमध्ये शोधांची रांग लागली. तंबाखूत सिस्टेमिन नसतं, मग तिथे निरोप कोण देतं? २००१ मध्ये त्यांना तंबाखूत दोन पेप्टाइडं सापडली, दोन्ही अठरा मण्यांची आणि दोन्ही एकाच मोठ्या प्रथिनातून कापून निघणारी. मॅल्डीवर त्यांचं वजन अपेक्षेपेक्षा बरंच जास्त आलं, आणि जास्तीचं वजन १३२ च्या पटीत होतं. १३२ म्हणजे पेंटोज साखरेचा एक मणी. पेप्टाइडाला साखरा लटकलेल्या होत्या. इथे मशीन स्वतःच्या जोरावर काहीतरी नवं सांगतं. याच शोधात त्यांना राल्फ नावाचं पाच हजार डाल्टनचं एक पेप्टाइड अपघातानं मिळालं, जे अळीशी संबंधित नाही पण मुळांची वाढ थांबवतं. ते पुढे कामाला येणार आहे.

आता खरा पेच. निरोप मिळाला, पण तो घेणारा कोण? कुठल्याही हार्मोनला पेशीवर रिसेप्टर लागतो, कुलूप म्हणा. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गेऑर्ग फेलिक्स आणि थॉमस बोलर यांनी रानटी टोमॅटोच्या (पेरुव्हिएनम) पेशी द्रवात वाढवल्या आणि त्यात सिस्टेमिन टाकलं, तर काही मिनिटांत द्रवाचा पीएच वर जातो, असं दाखवलं. रोपं कापून दुसऱ्या दिवसाची वाट पाहायला नको, नुसतं पीएच मीटरकडे बघायचं. १९९८ मध्ये त्यांच्याच गटानं म्हटलं, की सिस्टेमिनचं पुढचं टोक रिसेप्टरला धरतं आणि मागचं टोक त्याला चालू करतं. फेलिक्स हे नाव लक्षात ठेवा.

पुलमनमध्ये जस्टिन शीअर आणि रायन यांनी कुलूप पकडायला चावीच बदलली. सिस्टेमिनला किरणोत्सारी आयोडीन आणि प्रकाश पडल्यावर शेजाऱ्याला कायमचा चिकटणारा एक गट जोडला. ही चावी पेशींत सोडायची, ती कुलपात बसली की दिवा लावायचा. चावी कुलपाला डकली, की किरणोत्सारामुळे ती जेलवर दिसते. दिसलं १६० हजार डाल्टनचं एक प्रथिन. त्याला नाव दिलं एसआर१६०. आता ते शुद्ध करून ट्रिप्सिननं कापायचं, तुकडे मास स्पेकवर घालायचे, आणि नाव वाचायचं.

२००२ मध्ये नाव आलं, आणि सगळे चक्रावले. एसआर१६० म्हणजे टोमॅटोतलं बीआरआय१. बीआरआय१ हा आधीच माहीत असलेला रिसेप्टर होता, ब्रासिनोस्टेरॉइड या वाढीच्या हार्मोनचा. म्हणजे एकाच कुलपाला दोन चाव्या, एक स्टेरॉइड आणि एक पेप्टाइड, एक वाढायला सांगणारी आणि एक लढायला. विचित्र, पण कल्पना मोहक होती. प्राण्यांतही स्टेरॉइड आणि पेप्टाइड यांचे संबंध असतात, झाडांत का नसावेत? शिवाय पुढच्याच वर्षी त्यांनी हे जनुक तंबाखूच्या पेशींत घातलं आणि त्या पेशी सिस्टेमिनला प्रतिसाद द्यायला लागल्या असं सांगितलं. पाठ्यपुस्तकांत चित्र छापलं गेलं. मी स्वतः एम.एस्सी.ला ते चित्र परीक्षेत काढलं आहे, बाणांसकट.

त्याच २००२ साली आणखी एक पेपर आला, ज्यात मास स्पेक नव्हतंच. मिशिगनमध्ये ग्रेग हाउ यांच्या गटानं टोमॅटोची कलमं केली. एका प्रकारचं रोप जास्मोनेट (जखमेच्या निरोपातलंच एक मेदापासून बनणारं संप्रेरक) तयार करू शकत नव्हतं, दुसऱ्या प्रकारचं जास्मोनेट ओळखू शकत नव्हतं. खुंट एकाचा, कलम दुसऱ्याचं, जखम खाली, मोजणी वर. निकाल असा, की निरोप पाठवायला जास्मोनेट तयार करता आलं पाहिजे आणि निरोप घ्यायला ते ओळखता आलं पाहिजे. म्हणजे झाडभर फिरणारा निरोप्या जास्मोनेट किंवा त्याच्याशी संबंधित काहीतरी असावा. सिस्टेमिन मग जखमेजवळ राहून जास्मोनेटची आग भडकवत असावं. १९७२ चा मूळ प्रश्न, निरोप कोण नेतो, याचं उत्तर ब्लेड आणि कलमपट्टीनं बदललं.

एसआर१६० वर संशय आला तोही असाच, साध्या प्रयोगातून. कर्ल-३ नावाचा एक खुजा, गोळा झालेल्या पानांचा रानटी टोमॅटो आहे, त्याचं बीआरआय१ बिघडलेलं आहे. सिस्टेमिनचं कुलूप बीआरआय१ च असेल, तर या रोपाला सिस्टेमिन कळायला नको. पण २००७ मध्ये दिसलं, की जखमेच्या संदेशवहनासाठी या रोपाला बीआरआय१ ची गरज पडत नाही. २००८ मध्ये सूक्ष्म इलेक्ट्रोडनं पाहिलं, तर या रोपाच्या पेशी सिस्टेमिनला व्यवस्थित प्रतिसाद देत होत्या. २००९ मध्ये तंबाखूत पुन्हा बीआरआय१ घालून पाहिलं: पेशीपटलाला सिस्टेमिन जास्त चिकटतं हे खरं, पण पुढे संदेश काही जात नाही.

इथे मी थोडी रेंगाळणार, कारण माझ्या कामाचा जीव इथे आहे. मशीन चुकलं होतं का? नाही. १६० हजार डाल्टनच्या पट्ट्यात बीआरआय१ च होतं. सिस्टेमिन त्याला चिकटत होतं, हेही खरं. चूक एका शब्दात होती: 'म्हणून'. चिकटतं, म्हणून रिसेप्टर. चावी दाराच्या फटीतही अडकते, म्हणून ती फट कुलूप होत नाही. प्रकाशानं चिकटणारा गट तर शेजारी कोण आहे एवढंच सांगतो, आणि पेशीपटलावर बीआरआय१ भरपूर असेल तर शेजारी तोच भेटण्याची शक्यता जास्त. आम्ही आज एका दिवसात हजारो प्रथिनांची यादी काढतो. यादीतलं प्रत्येक नाव बहुतेक वेळा बरोबर असतं. त्या नावापुढे आपण जे वाक्य लिहितो, त्याची हमी मात्र मशीन देत नाही.

पण यातून 'ही पद्धतच वाईट' असं कोणी म्हणू नये, कारण पुढचा भाग तितकाच खरा आहे. २००६ मध्ये रायन यांच्याच लॅबनं अरबिडॉप्सिसमध्ये २३ मण्यांचं दुसरं बचाव-पेप्टाइड शोधलं आणि हुबेहूब तीच युक्ती केली: किरणोत्सारी चावी, प्रकाश, पट्टा, मास स्पेक. मिळालेला रिसेप्टर पीईपीआर१. तो आजपर्यंत सगळ्या परीक्षांमध्ये टिकला आहे. तीच माणसं, तीच पद्धत, एकदा चुकली आणि एकदा बरोबर आली. फरक एवढा, की अरबिडॉप्सिसमध्ये जनुक बिघडवलेली रोपं सहज मिळतात, त्यामुळे 'म्हणून' तपासता येतं.

आणि चावीला हात न लावता कुलूप शोधण्याचा मार्गही निघाला. रिसेप्टर जागा झाला की त्याच्यावर आणि आसपासच्या प्रथिनांवर फॉस्फेट गट चढतात. फॉस्फेट म्हणजे सुमारे ८० डाल्टनची वाढ, आणि मशीनला वजन तर उत्तम कळतं. मॅडिसनमध्ये मायकेल सस्मन यांच्या गटानं रोपांना राल्फ दिलं, तेच अपघातानं सापडलेलं, आणि कोणत्या प्रथिनांवर फॉस्फेट बदलला ते हजारो जागी मोजलं. त्यातून फेरोनिया हा रिसेप्टर पुढे आला, २०१४ मध्ये. इथे प्रश्न 'कोण चिकटलं' असा नव्हता, 'कोण जागं झालं' असा होता. मला हा प्रश्न जास्त शहाणा वाटतो.

थोडं आपल्याकडचं. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे आणि टोमॅटोची फळं पोखरणारी घाटेअळी शेतकऱ्यांना चांगलीच ओळखीची आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिरचीतल्या प्रोटिनेज इन्हिबिटरांवर आणि या अळीच्या आतड्यातल्या एन्झाइमांवर बरीच वर्षं काम झालं आहे. त्यात मॅल्डीचा उपयोग छान केलेला दिसतो: इन्हिबिटर आणि आतड्यातले एन्झाइम एकत्र केले की कुठल्या इन्हिबिटरचा सिग्नल पुसट होतो (म्हणजे तो चिकटला) आणि कुठल्याचे तुकडे पडतात (म्हणजे अळीनंच त्याला पचवलं) हे बघायचं. कारण अळीही गप्प बसत नाही. पानात एक इन्हिबिटर वाढला की ती त्याला न जुमानणारी एन्झाइमं तयार करते, हे १९९५ मध्ये दुसऱ्या एका अळीत दाखवलं गेलं. इन्हिबिटरचं जनुक पिकात घातलं की अळी मेली, ही १९८० च्या दशकातली आशा शेतात तितकीशी का उतरली नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

रायन २००७ मध्ये गेले. एसआर१६० चा निकाल लागायचा होता.

तो लागला २०१८ मध्ये, जर्मनीतल्या ट्युबिंगनमध्ये, आणि लावला गेऑर्ग फेलिक्स यांच्या गटानं. १९९५ च्या पीएच मीटरवाले तेच फेलिक्स, तेवीस वर्षांनी. त्यांनी पट्टा कापून मास स्पेकवर घातला नाही. पेनेली नावाच्या रानटी टोमॅटोला सिस्टेमिन कळत नाही. या जातीच्या रंगसूत्रांचे तुकडे साध्या टोमॅटोत उतरवलेल्या ओळी उपलब्ध आहेत. कुठला तुकडा आला की सिस्टेमिन कळेनासं होतं, हे बघत त्यांनी जागा गाठली. मग तिथलं जनुक तंबाखूच्या एका जातभाईत घातलं. सिस्टेमिन चिकटलं, आणि या वेळी संदेशही गेला. नव्या रिसेप्टरचं नाव एसवायआर१. मास स्पेकनं पूर्वी सापडलेल्या बीआरआय१ च्याच मोठ्या कुटुंबातला, पण वेगळा.

त्या पेपरात एक वाक्य आहे ज्यावरून मी अजून पुढे सरकलेली नाही. एसवायआर१ नसलेल्या टोमॅटोचं पान जखमी केलं, तरी त्या पानात आणि वरच्या पानात बचावाचा प्रतिसाद येतोच, त्यासाठी हा रिसेप्टर निर्णायक नाही. पण त्याच रोपावर खरी अळी सोडली, तर ती जास्त पोसते. म्हणजे ब्लेडची जखम आणि अळीचा चावा यांत रोप फरक करतं, आणि सिस्टेमिनचं काम त्या फरकात कुठेतरी आहे. आमच्या लॅबमध्ये पुढच्या महिन्यात जे नमुने मशीनवर चढणार आहेत, त्यात जखम ब्लेडची होती. अळीच्या नमुन्यांसाठी मला आता अळ्या पाळाव्या लागणार.